शुद्धीवरचे पेशंट

१

मुज्तबानं इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

"आपा, नीचे का खाना खाली है."

डॉ. जोहरा चहाचा कप ठेवून उठल्या. इन्क्युबेटर म्हणजे जंतू वाढवायची ऊबदार पेटी. काल दुपारी त्यांनी स्वतः त्यात काचेच्या बश्या रचल्या होत्या. वरच्या कप्प्यात पेशंटच्या जखमांतला पू, खालच्या कप्प्यात इथल्या माणसांच्या बोटांचे ठसे. वरच्या बश्या होत्या तिथंच होत्या. खालच्या कप्प्यात एकही उरली नव्हती.

"किल्ली कुणाकडं असते?"

"कुणाकडंच न्हाई. सिस्टर लोकांच्या खोलीत खिळ्याला असते. कुणीबी घ्यावी." मुज्तबा या लॅबचा तंत्रज्ञ, नांदेडचाच, जोहरांच्या हाताखाली शिकलेला. त्याचा चेहरा उतरला होता. "आपा, नाव माझंच येणार."

जोहरा नांदेडहून आल्या त्याला दोनच दिवस झाले होते. लातूरच्या या खाजगी दवाखान्याचे मालक डॉ. अमृतराव यांचा फोन आला होता. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या जखमा पिकून राहिल्या होत्या आणि कोणतंच औषध लागू पडत नव्हतं. उदगीरच्या अडतीवरचे माणिकप्पा हर्नियाचं साधं ऑपरेशन करून घ्यायला चालत आले होते. त्यांना घरी नेलं ते चौघांनी. रेणापूरचा एक बसड्रायव्हर तापानं फणफणत होता. आणि अंबिका नावाची बारावीतली मुलगी, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली, दिवसागणिक खंगत चालली होती.

जोहरांनी वरच्या बश्या उजेडात धरल्या. तिन्हींत हिरवट साय धरलेली; माणिकप्पांचा पू मुज्तबानं आधीच राखून ठेवला होता. झाकण उघडताच आंबूस-गोड, पिकल्या द्राक्षासारखा वास. सुडोमोनास. दवाखान्याच्या ओलीत दबा धरून बसणारा जंतू. प्रत्येक बशीत त्यांनी औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो. या बश्यांत जेन्टामायसिनभोवती गोल नव्हता. सिप्रोभोवती नव्हता. महागड्या इंजेक्शनांभोवतीही नव्हता. आणि तिन्ही बश्यांत हे सारं हुबेहूब एकसारखं.

"तीन ठिकाणचे तीन जंतू न्हाईत हे," त्या मुज्तबाला म्हणाल्या. "एकाच घरचे हायेत. या दवाखान्यात कुठंतरी त्याचं घर हाय."

आणि ते घर कुणालातरी ठाऊक होतं.

२

अमृतराव टेबलावर हात आपटून बोलत होते.

"मॅडम, मी तुम्हाला जंतू शोधायला बोलावलं, चोर शोधायला नाही. परीक्षा तोंडावर आल्यात. गावातली अर्धी वसतिगृहं माझ्याकडं पोरं पाठवतात. बाहेर बभ्रा झाला तर उद्या इथं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही."

बोलणं चुकीचं नव्हतं. भूकंपानंतर हे गाव मदतीच्या गाड्यांनी भरलं होतं. आता ते शिकवण्यांच्या पोरांनी भरलं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, खोल्या भाड्यानं, आणि पोरांना रांधून घालायला गावाकडून येऊन राहिलेल्या आया.

"डॉक्टरसाहेब, बश्या तुम्ही तर न्हाई ना उचलल्या?" जोहरांनी शांतपणे विचारलं.

अमृतराव लालबुंद झाले. मग एकदम खुर्चीत मागं टेकले. "तुम्हाला तसं वाटणारच."

"वाटलं होतं. पण बभ्रा झाकायचा असता तर तुम्ही पेशंटच्या बश्या नेल्या असत्या. पुरावा त्यांच्यात हाय. त्यांना कुणी हातसुद्धा लावला न्हाई. नेल्या त्या फक्त माणसांच्या बोटांच्या. चोराला दवाखान्याच्या नावाची फिकीर न्हाई. त्याला एका माणसाची फिकीर हाय."

"मग तो मुज्तबा. लॅब त्याचीच."

"बश्यांवर नावं नव्हती, आकडे होते. कोणता आकडा कुणाचा, हे मला आणि मुज्तबाला माहीत. त्याला कुणाला वाचवायचं असतं तर त्यानं एक बशी उचलली असती, मला वाटलं असतं फुटली. सगळा कप्पा कशाला रिकामा करील?"

अमृतराव पुढं झुकले. मग हळूच म्हणाले, "मग ज्याच्या बोटांवर जंतू आहे, तोच."

"तोही न्हाई. बोटं टेकवताना प्रत्येकानं आपला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. ज्याला स्वतःची भीती, तो आपली बशी नेईल. ज्याला आकडाच माहीत न्हाई, तो सगळ्या नेईल." जोहरांनी पदर सावरला. "दुसऱ्याला वाचवणारा कुणीतरी हाय हा."

त्याच दुपारी त्यांनी सगळ्यांच्या बोटांचे ठसे पुन्हा घेतले आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी बश्या उघडल्या. एकीतही हिरवी साय नव्हती. सर्जन, सिस्टर, वॉर्डबॉय, सगळ्यांचे हात स्वच्छ.

मग चोरानं लपवलं काय?

३

ऑपरेशन करणारा सर्जन एकच. डॉ. व्यंकट. पस्तिशीही न गाठलेला, बारीक, हसतमुख माणूस. भूकंपात गेलेल्या गावांपैकी एका गावातला. गावाकडची माणसं त्याला अजून व्यंकटीच म्हणत आणि इतर दवाखाने ओलांडून त्याच्याकडं येत.

जोहरा त्याच्या खोलीत गेल्या तेव्हा नुकतीच फरशी पुसली होती. फिनाईलचा भपकारा सहन न होऊन त्यांनी नाकातोंडाला रुमाल लावला.

"जखम धुवायला काय वापरता?" त्यांनी विचारलं.

व्यंकट हसला. "मॅडम, रुमाल काढा की. तुम्हालाच घुसमटल्यासारखं होईल. खिडकी उघडतो मी."

खिडकी उघडून तो परत समोर येऊन बसला, त्यांच्या तोंडाकडं बघत. मग प्रत्येक प्रश्नाचं नीट, सरळ उत्तर दिलं. द्रावण रोज ताजं करतात. हत्यारं वाफेत निर्जंतुक करतात. हात कोपरापर्यंत धुतो. माणिकप्पांचं नाव निघालं तेव्हा त्याचा आवाज फाटला. "माझ्या वडलांच्या ओळखीचे होते. मी म्हणलं होतं, दोन दिवसांत घरी जाल."

तो उठून जवळून गेला तसा हिन्याचा दाट वास आला. जोहरांच्या वडलांचं नांदेडला अत्तराचं दुकान. कोणतं अत्तर कशासाठी लावतात हे त्या दुकानातच शिकल्या होत्या. ऑपरेशन करणारा माणूस सकाळच्या पारी एवढा हिना लावून येतो, याचं त्यांना नवल वाटलं. पण शौक असतो एकेकाचा, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

ऑपरेशन थिएटर सांभाळत होत्या महानंदा सिस्टर. पन्नाशीच्या, करारी. पाण्याचे ड्रम, बेसिन, बाटल्या, त्यांनी एकेक झाकण उघडून दाखवलं. जोहरांनी सगळीकडून नमुने घेतले.

"म्याडम, माझ्या थेटरात घाण सापडली तर मला फाशी द्या," महानंदा म्हणाल्या. त्यांचा सगळा राग आवाजात होता. डोळ्यांत मात्र दुसरंच काही होतं. भीती.

थिएटरातही जंतू सापडला नाही. आणि त्या संध्याकाळी अंबिकाची शुद्ध हरपू लागली.

४

अंबिकाची आई सरजाबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून होती. रेणापूरजवळची. पोरीच्या शिकवणीसाठी गावातलं काम सोडून लातूरला खोली घेऊन राहिलेली.

"बाई, मरतीय का माझी लेक?"

जोहरा खोटं बोलल्या नाहीत. "एक जुनं इंजेक्शन हाय. मूत्रपिंडाला जड, म्हणून लोकांनी वापरायचं सोडलं होतं. बश्यांत फक्त तेवढंच चाललं. हैदराबादला माणूस पाठवलाय."

औषध आलं. पहिल्या दोन दिवसांत काही फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी ताप अंगावरून सरकला, आणि अंबिकानं डोळे उघडून पहिलं विचारलं ते परीक्षेचं. सरजाबाईनं तोंड फिरवलं.

तोवर जोहरांनी केसपेपर पालथे घातले होते आणि एक विचित्र गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. व्यंकटनं त्याच थिएटरात, त्याच हातांनी, याहून मोठी ऑपरेशनं केली होती. पित्ताशय, गळ्याची गाठ. त्यातलं कुणीच पिकलं नव्हतं. ते सगळे पूर्ण भुलीखाली झोपलेले होते. आणि पिकलेले तिघेही पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर केलेले, डोक्यानं जागे.

"मग पाठीच्या इंजेक्शनातच खोट हाय!" मुज्तबा उसळून म्हणाला. "औषधच सडकं असेल, आपा."

"तर पाठ पिकली असती. पाठी तिघांच्या साफ हायेत. पिकलंय ते चिरल्या ठिकाणी."

तरी त्यांनी इंजेक्शनाच्या कुप्या तपासल्या. निर्मळ निघाल्या. जागेपणाचा आणि पुवाचा संबंध काय? हा प्रश्न घेऊन त्या अंबिकाजवळ जाऊन बसल्या.

"पोरी, तुला ऑपरेशनच्या वेळचं काय आठवतं? काहीही सांग."

अंबिकाचा आवाज कापसासारखा झाला होता. "सगळं ऐकू येत होतं. पडदा होता मधी. मी म्हणलं, सर, वढल्यावानी होतंय. सर काहीच बोलले न्हाईत. परत म्हणलं. मग सिस्टर जोरात वरडल्या, 'तिला वढल्यावानी होतंय!' त्याच्यावर सर म्हणले, घाबरू नको."

"मग?"

"मग शिट्टी वाजली."

"शिट्टी?"

"बारीक. चिलटावानी. थोडी वाजायची, बंद व्हायची. मला वाटलं मशीन हाय."

जोहरा उठल्या त्या तडक थिएटरात गेल्या. तिथलं प्रत्येक यंत्र त्यांनी चालू करून पाहिलं. एकही शिट्टी वाजवत नव्हतं.

५

जिन्याच्या पायरीवर त्या बराच वेळ बसून राहिल्या. वॉर्डातून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना वळसा घातला.

जागा पेशंट आणि झोपलेला पेशंट. सर्जनच्या दृष्टीनं फरक तो काय? चिरणं तेच, टाके तेच. फरक एवढाच, की जागा पेशंट बोलतो.

आणि बोललेलं ऐकावं लागतं.

जोहरांना फिनाईलचा तो भपकारा आठवला. रुमाल तोंडावर होता तेव्हा व्यंकटनं प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं. रुमाल काढल्यावर दिलं, तोंडाकडं बघत. त्याला प्रश्न ऐकूच गेला नव्हता. तो ओठ वाचत होता. बाहेर कुणाला पत्ता लागत नव्हता, कारण बाहेर माणसांची तोंडं उघडी असतात. थिएटरात सगळ्यांच्या तोंडावर मास्क. आणि भूल देणारे डॉक्टर बाहेरचे, पडद्यापलीकडं पेशंटच्या उशाशी बसणारे.

झोपलेल्या पेशंटच्या वेळी त्याचं भागत असे. काय हवं ते तोच सांगायचा, महानंदा हातात द्यायच्या. पण जाग्या पेशंटच्या वेळी कानातलं ऐकायचं छोटं यंत्र वाढवावं लागे. वाढवलं की ते शिट्टी मारी. शिट्टी मारली की टोपीवरून बोटानं दाबावं लागे. हातमोजे घातलेल्या, निर्जंतुक बोटानं. आणि तेच बोट पुन्हा पोटात.

पण नुसत्या बहिऱ्या कानानं माणूस मरत नाही. कान वाहत असला पाहिजे. वास येत असला पाहिजे, दाट हिन्याखाली झाकावा लागेल असा.

जोहरा उठल्या आणि महानंदा सिस्टरांच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

"सिस्टर, बश्यांचं काय केलं?"

महानंदा घडी घालत होत्या ती चादर हातात तशीच राहिली.  मग त्या पलंगावर बसल्या.

"वाफेच्या भांड्यात घातल्या. जंतू कुणाला लागू नयेत म्हणून."

"त्याचा कान कधीपासून वाहतोय?"

महानंदांनी डोळ्याला चादर लावली. "तुम्हाला कळलंच तर."

६

महानंदा आणि व्यंकट, दोघं एकाच गावचे. भूकंपाच्या साली गणपतीला व्यंकट शिकायच्या गावाहून घरी आलेला. विसर्जन करून माणसं झोपली ती झोपलीच. पहाटे दगडमातीची भिंत त्याच्या डोक्यावर आली. आईबाप, भाऊ, सगळे त्याच भिंतीखाली. महानंदांचे मालक आणि दोन्ही लेकरं शेजारच्या गल्लीत. त्या दवाखान्यात ड्यूटीवर होत्या, म्हणून वाचल्या.

"त्याला मी तंबूत बघितला. कानातून रगत-पू वाहात होता. म्हणला, मावशी, मला कायच ऐकू येत न्हाई. मी म्हणलं, मी हाय ना, मी सांगीन तुला." महानंदांनी नाक ओढलं. "तवापासून सांगून राहिलेय. गावात दुसरं कोण उरलं हो माझं? बोटं टेकवून घेताना तुम्ही म्हणलात जंतू माणसाच्या अंगावर हाय, आणि मला त्याचा कान आठवला. आकडा त्याचा कोणता ते माहीत नव्हतं. सगळ्याच नेल्या."

"बोटांवर काहीच नव्हतं, सिस्टर. हात तो नीट धुतो. जंतू कानात हाय."

"म्हणजे मी..." त्यांनी चादर बाजूला ठेवली. "म्हणजे नुसतं तुमचं काम लांबवलं मी. आणि ती पोरगी..."

जोहरांनी त्यांचा हात धरला; पण नाही म्हणाल्या नाहीत.

व्यंकटच्या खोलीत जोहरा समोर बसल्या, ओठ दिसतील अशा.

"कान दाखवा."

तो हसायला गेला. मग हसू विरलं. त्यानं टोपी काढली, कानात बोट घालून शेंगदाण्याएवढं यंत्र बाहेर काढलं. त्याला हिरवट ओल चिकटली होती. हिन्याच्या आड तोच आंबूस-गोड वास.

"किती औषधं घेतलीत आजवर?"

"वाहायला लागला की सिप्रो. थांबला की सोडायचो. न्हाई थांबला तर जेन्टा, मग त्याच्याहून भारी. स्वतःच घ्यायचो." तो थांबला. "कानाच्या डॉक्टरकडं गेलो असतो तर चारचौघांत झालं असतं. बहिऱ्या सर्जनकडं कोण पोट चिरून घेईल, मॅडम?"

"दरवेळी जे जंतू मेले ते कमजोर होते. उरले ते तगडे. दहा वर्षं तुम्ही त्यांना निवडून निवडून वाढवलंत."

कानातल्या ओलीची बशी दुसऱ्या दिवशी उघडली. हिरवी साय, आणि औषधांच्या चकत्यांभोवती तेच, जसंच्या तसं. पेशंटच्या बश्यांशेजारी ठेवली तर कोणती कुणाची हे मुज्तबालाही सांगता येईना.

व्यंकट त्या चार बश्यांकडं पाहत उभा राहिला. अमृतराव म्हणाले, "व्यंकट, तू सुटी घे. कान कोरडा करून घे. बाहेर काही सांगायची गरज नाही. थिएटर धुतलं, संपलं."

"न्हाई सर," व्यंकट म्हणाला. "मी सांगतो."

७

त्यानं यंत्र पुन्हा कानात घातलं नाही. ओल वाळायची तर कान उघडा राहायला हवा होता. सरजाबाईसमोर जाऊन त्यानं सगळं सांगितलं. मला ऐकू येत नाही हे मी लपवलं. माझ्या कानातलं विष तुमच्या लेकीच्या पोटात गेलं. माझ्या हातानं गेलं.

सरजाबाई ऐकत राहिली. रडली नाही. "आधी माझी लेक उठू द्या," ती म्हणाली. "मग काय बोलायचं ते बोलते."

अंबिका उठली, पण वेळ लागला. मूत्रपिंड वाचलं, पोटावर ओबडधोबड वळ राहिला, आणि परीक्षा तिच्याशिवाय होऊन गेली. बसड्रायव्हरही त्याच औषधानं उठून बसला. महानंदांनी अमृतरावांकडं राजीनामा दिला आणि बश्यांची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. जोहरा नांदेडला गेल्या होत्या, त्या अंबिकाला घरी सोडायच्या दिवशी मुद्दाम परत आल्या.

दवाखान्याच्या पायरीवर व्यंकट उभा होता. सरजाबाईनं लेकीला रिक्षात बसवलं, गाठोडं ठेवलं, आणि मागं फिरली. ती बोलली तेव्हा पदराची कड दातात धरली होती, मान खाली होती. व्यंकटला तिचे ओठ दिसले नाहीत. ती बोलून रिक्षात बसली. रिक्षा गेली.

व्यंकटनं जोहरांकडं पाहिलं. "काय म्हणल्या त्या?"

 सौम्य करून सांगता आलं असतं. त्याला कधीच कळलं नसतं.

त्या त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "त्या म्हणाल्या, 'गाव गेलं तवा आमच्या गावानं तुमच्या गावाला भाकरी बांधून धाडल्या. ढिगारे उपसायला आमची माणसं आली. तुम्ही एकदा म्हणला असता, मला ऐकू येत न्हाई, तर आम्ही मोठ्यानं बोललो असतो.'"

 रस्त्यावर शिकवणी सुटली होती. सायकलींचा लोंढा घंट्या वाजवत त्याच्या पुढून गेला आणि त्याची नजरसुद्धा हलली नाही.

मग त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"मॅडम," तो म्हणाला, "उदगीरची गाडी कुठल्या फलाटाला लागते, एवढं बसस्टँडवर विचारून द्याल का? माणिकप्पांच्या घरी अजून कुणी गेलेलं न्हाई."